दाभोळनंतर धोपावे

लोट्याच्या वसाहतीत तीन नंबरच्या शेडमागे
एक खोली आहे. पाटीवर लिहिलंय, संशोधन.
आत मी, गरगरणारा पंखा, नायट्रोजनचा करडा सिलिंडर
आणि एक वास,
जो ओढणीत मुरला की चिपळूणच्या एसटीत
शेजारची सीट आपोआप रिकामी होते.
आवस म्हणते, याच्यापुढे कुजके सोडे परवडले.

कडी दोन जातींची आहेत.
एकात चौकोन आहे, वाकवून कोंबलेला,
इतका ताणलेला की उघडायला निमित्त पुरतं.
पण उघडल्यावर त्याच्या टोकाशी एवढी दाटी,
की सख्ख्या भावालाही तिथं उभं राहता येत नाही.

दुसरं षटकोनी, सायक्लोहेक्झिन.
जेवून ओटीवर लवंडलेल्या माणसासारखं.
रुथेनियमनं बाहेरून कडी काढली
तर ते आतून पुन्हा घालून घेतं.
एकटंच ठेवा, वर्षभर ठेवा,
साखळी म्हणून होणार नाही.

बेहेरे सरांनी फळ्यावर काढून दाखवलं तेव्हा
मी विचारलं, मग निवडतं कोण?
याच्यानंतर ते, त्याच्यानंतर हे,
अबोलीच्या वेणीत मध्येमध्ये मरवा घालावा तसं.
वेणीला बोटं असतात, सर. इथं?
म्हणाले, कुणी नाही निवडत.
दुसरी वाटच नाही, एवढंच.
आणि हातावरचा खडू झटकून चहाला गेले.

अकरा वेळा बिघडलं.
एकदा वीज गेली. एकदा रबरी बुचातून
खाडीकडची ओल आत आली.
नवव्या वेळी बाटलीच्या तळाशी काहीतरी जमलं,
मी नाचलेच जवळजवळ;
तपासलं तर पाण्यासारखं पातळ सत्य:
अर्ध्या ठिकाणी साखळीच नव्हती.

बारावी वेळ बुधवारी.
हिरवी चिमूट टाकली, पन्नास अंशांवर ठेवलं
आणि डबा उघडला. भाकरी, कोलंबीचं सुकं.
मी जेवत होते तेव्हा
एकाआड एक, एकाआड एक,
माझ्याकडे न बघता ते चाललं होतं.
संध्याकाळी इथर ओतून रुथेनियमचं तोंड बंद केलं.
मिथेनॉलात धार सोडली.
पांढरे तंतू आले. शेवयांसारखे, ओल्या.
चिमूटभर पुण्याला कुरियरनं पाठवले.

शनिवारी धोपाव्याच्या धक्क्यावर
रोहिदासदादा फेरीबोटीची फळी सोडत होता.
एक टेम्पो, आंब्याच्या रिकाम्या पेट्या, चार बाईकवाले,
एक नवरी जिला ऊन लागत होतं.
मध्यावर रेंज आली. मेल आला.
जिथं आधी दोन उंचवटे असायचे
तिथं ओहोटीच्या वाळूसारखी सपाट रेघ,
आणि मधोमध एक नवाच सुळका.
म्हणजे कुणीही आपल्याच जातीशेजारी बसलेलं नाही.
साखळीभर.

मी वर बघितलं. दाभोळ जवळ येत होतं.
इथून पुढं ही बोट पुन्हा दाभोळला लागायची तर
आधी धोपाव्याला लागावं लागणार.
सतरा वर्षं दादा हेच करतोय
आणि मी फळ्यासमोर उभी राहून विचारलं,
निवडतं कोण!

काय बनवलंस गो, त्यानं विचारलं.
दोरा.
नायलॉनसारखा?
अजून कशासारखाच नाही.
जाळ्याला चालेल?
माहीत नाही. सरांनाही नाही.
तो हसला, टेम्पोवाल्याला हात केला,
दोन रुपये सुट्टे नाहीत म्हणून कुणाशी तरी भांडला.

शेवटची फेरी रात्री दाभोळला संपते.
दादा तिकडंच बोटीत झोपतो, घर अलीकडे असून.
फ्लास्कमधलं मी मिटवून टाकलं, ते आता पुढं जाणार नाही.
बोटीचं इंजिन मात्र नुसतं बंद असतं.
खाली पाणी चढतं, उतरतं,
आणि पहाटे पहिल्यांदा कुठं जायचं
हे ती ज्या काठाला बांधलीय
त्या काठानं रात्रीच ठरवलेलं असतं.