समुद्रसपाटीपासून

पुणे स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर
नावाखाली, बारीक अक्षरांत, समुद्र आहे.
साडेपाचशे मीटर खाली, वर थोडे.
गाडी गाठणारं कुणी ती ओळ वाचत नाही.
मी वाचते. माझं पोट त्या ओळीवर आहे.

पाषाणला, दुसऱ्या मजल्यावर, खिडकीला पाठ करून
मी समुद्र तपासते.
मामंजी पाहुण्यांना सांगतात,
"सूनबाई समुद्राच्या ऑफिसात असते,"
आणि पाहुणे विचारतात, मुळेच्या की मुठेच्या?

समजावू कसं?
माणसाच्या उंचीची एक पिवळी नळी,
कुठल्याशा परक्या जहाजाने सोडलेली,
नऊ दिवस अंधारात वाहत राहते,
दहाव्या दिवशी दोन किलोमीटर खोल बुडी घेते
आणि वर येता येता पाण्याला विचारत येते :
किती ऊन? किती खारं?
वर आली की आभाळाकडे तोंड करून
सगळं एका दमात सांगते
आणि परत खाली.
तिने सांगितलेलं त्याच दिवशी
पर्थमध्ये कुणी वाचतं, ब्रेस्टमध्ये कुणी,
पाषाणला मी, डबा उघडायच्या आधी.

माझं काम आकड्यांवर शिक्के मारण्याचं.
एक म्हणजे विश्वास ठेवा.
चार म्हणजे ठेवू नका.
मधले दोन आणि तीन, आमच्या फडतरे सरांच्या भाषेत,
"पाहुणा आहे, बसू द्या, तिजोरी दाखवू नका."

त्या मे महिन्यात चारशे सतरा नंबरच्या नळीने
एक रेघ पाठवली,
वाकायला हवी तिथे न वाकलेली.
वरून समुद्र रोजच्यासारखाच;
आत मात्र सत्तर मीटरपर्यंत ऊन पाणी,
चुलीवरून उतरवून झाकून ठेवलेल्या पातेल्यासारखं.
वादळ आलंच, तर पान वाढलेलं होतं.
मी तीनदा पाहिलं. एकचा शिक्का मारला.
पुढचं माझ्या हातात नसतं.
माझी रेघ हजारो रेघांत मिसळते,
कुठेतरी गणित चालतं,
कुठेतरी बंदरावर बावटा चढतो.

हर्णैला होड्या वर ओढल्या.
वादळ जेवलं, माजलं,
आणि ओमानकडे वळलं.

दाऊद सोलकर, तांडेल,
एका शिबिरात माझा नंबर घेतलेला, फोनवर :
"बाई, चार दिवसांच्या बर्फाचं पाणी झालं.
कुठंय तुमचं वादळ?"
मी म्हटलं, तुम्ही कुठे आहात?
"घरी."
मग थोडा वेळ दोघंही गप्प.
जे झालं नाही त्याची पावती कुणी फाडत नाही.

दिवाळीनंतर चारशे सतराचं मीठ सरकू लागलं.
इतकं थोडं, की जिभेला कळू नये.
पण तळाकडचं पाणी
इतक्या लवकर मत बदलत नसतं.
म्हणजे तीच चळली होती.
मी चार मारला,
आणि त्या दिवशी जेवायला उठले नाही.

एक सांगायचं राहिलं, त्या पाटीचं.
तिचं शून्य हलतंय.
समुद्र वर्षाला काही मिलिमीटर चढतो,
म्हणजे पुणं तेवढंच उतरतं, जागचं न हलता.
रंगाऱ्याला कुणी बोलावणार नाही.

पुढल्या वर्षी, थंडीत, दाऊदभाईंचा फोन.
"जाळ्यात पिवळी टाकी आलीय. शेवाळ खरवडलं.
नंबर लिहिलाय, शेवटी चार-एक-सात."
मी खुर्चीतून उठले, का ते माहीत नाही.
"बोलते का ही अजून?"
नाही, म्हटलं. बॅटरी संपली असणार.
"मग परत टाकू?"
नको.
"अंगणात उभी करतो. पोरं विचारतील."
काय सांगाल?
पलीकडे लाट आपटल्याचा आवाज आला,
मग त्यांचा :
"सांगेन, हिच्यामुळे माझा बर्फ वितळला."