तेवीस किलो

कारखान्यात सुताचा काटा आहे.
रविवारी मालकाला विचारून
त्यावर लावण्याची बॅग ठेवली.
सव्वीस सातशे.
विमानाला चालतात तेवीस.
बाजूला कोनांची पोती, हवेत कापसाची तूस,
आणि माझी भाची गुडघ्यांवर बसून
चेन उघडतेय.

शेंगाचटणीचे दोन डबे निघाले, एक परत गेला.
कडक भाकरी राहिल्या, त्यांना वजन असं नसतंच.
कुकर काढला. तिकडे मिळत नाही का गं?
महाग आहे, मामा.
कुकर परत गेला.
मग चादर.
आपल्याच मागावरची, लाल-काळी, मोरांची.
दोन किलो शंभर.
ती म्हणाली, तिकडे खोलीत हीटर असतो.
मी पोत्यावर ठेवली घडी,
झटकली उगाच.

कॉर्क म्हंजे बाटलीचं बूच का बे?
रियाज जॉबर विचारायचा रोज,
आणि रोज हसायचा.
दुधावर एमेस्सी करणार, सांगितलं
तर म्हणे, दुधात पाणी किती
ते आपला गवळीच सांगेल फुकट.
फीचा आकडा अक्काने विड्यांत मोजला.
मोजता मोजता मांडीवरच्या सुपात
भिजवलेली पानं वाळून गेली.

बँकेत जामीनदार मी.
फॉर्मवर नातं विचारलं होतं:
वडील, आई, पती, भाऊ, इतर.
साहेबाने पेनाने दाखवलं, इथे खूण करा.
दोन हजार चारशे धागे बीमवर घेतो मी,
एक तुटला तरी अंधारात बोटाला कळतो,
तो हात तिथे
जरा अडला.
इतर.

पहिले तेरा दिवस खोलीच मिळेना.
सिन्नरच्या दोघींकडे राहिली, गादी एक.
दोघी रातपाळीला झोपायच्या,
ही दिवसपाळीला.
मग एका म्हातारीच्या घरात माळ्यावर जागा,
भाडं ऐकून अक्काने फोन माझ्याकडे दिला.
दुकानात काम लागलं, आठवड्याला वीस तास,
त्याच्या वर एक मिनिट नाही, नियम आहे.
वीस तास म्हणजे आमच्या दोन पाळ्याही होत नाहीत.
हे मी तिला बोललो नाही,
रियाजला बोललो.

तिकडे रोज पाऊस म्हणे.
मग भरून ठेवत जा, अक्का म्हणाली.
आमचा नळ पाचव्या दिवशी, रात्री दोनला,
ती पिंपापाशी फोन लावून बसते,
तेव्हा तिकडे जेवणं चाललेली असतात.
साडेचार तास, हे गणित कसंबसं बसलं
तर ऑक्टोबरअखेर त्यांचं घड्याळ
एक तास मागे गेलं.
सगळ्या देशाचंच, आई.
अक्काला पटलं नाही.
एवढा तास ठेवतात कुठे?

डिसेंबरात फोन आला, आवाज बसलेला.
पास झालीय पहिल्या पेपरात, एकोणसत्तर टक्के.
तिकडे एकोणसत्तर म्हणजे चांगले असतात, तिने समजावलं.
मग इकडचं तिकडचं.
सिद्धेश्वराच्या गड्ड्यात पाळणे आले का,
अशोक चौकातला डोसेवाला बसतो का अजून.
म्हातारी हीटर दोनच तास लावते, संध्याकाळी.
मग म्हणाली, मामा,
ती चादर विकली का?

नाही विकली.
मी रोज अंगावर घेत होतो,
हे कशाला सांगा.

कुरिअरवाला नव्या पेठेतला.
चादरीच्या तिप्पट भाव सांगितला त्याने,
वर म्हणाला, दोन शंभर असो की अडीच,
बिल अडीचचंच.
धुऊन, गच्चीवर दोन उन्हं दाखवून
परत आणली काट्यावर.
दोन किलो शंभर.
मोर जसेच्या तसे.

चारशे ग्रॅम जागा शिल्लक आहे.
अक्काला फोन केला.
ती म्हणाली, थांब, फोन ठेवू नकोस,
आणि पलीकडून
शेंगा कुटायचा आवाज यायला लागला.