कुत्रं धरत नाही

थंडीच्या दिवसांत, पहाटे पाचला
वडनेरच्या रस्त्यावर
उजवा लिव्हर आत ढकलला की
काहीच होत नसे.
झोपलेल्याला हाक मारावी
आणि त्याने कूसही बदलू नये, तसं.
दोन-तीन किलोमीटर गेल्यावर,
बोटांची ऊब आत कुठेतरी पोचली की
मग एकदम, नको तिथे : टक्.

सायकल नागपूरच्या एका दातांच्या डॉक्टरची.
त्याची हौस फिटली तिथे माझी सुरू झाली.
लाइनमनच्या पगारात नवा लिव्हर बसत नाही,
आणि बसला असता तरी
खांबावर चढून जळालेलं जोडणारा माणूस मी.

रौफभाईच्या दुकानात नेली तर
त्यांनी चष्मा कपाळावर सारून नुसतं ऐकलं.
"कुत्रं धरत नाई याचं," म्हणाले.
"फ्रीव्हीलमंधी असते तेच.
दातात धरून ठेवते, मागं जाऊ देत नाई.
पन हे लहान हाये बावा. माह्या डोयाले दिसत नाई आता.
तूच खोल."

रविवारी ओसरीत जुना पेपर अंथरला.
मोजा उतरवावा तसं रबर सोललं.
आत ग्रीस नव्हतंच, वाळलेला डिंक होता,
आणि त्यात रुई.
चार हंगाम जिनिंगच्या फाटकापुढून गेलो
त्याची हजेरी कुणीतरी मांडून ठेवलेली.

राशनचं मातीचं तेल बंद झालं, म्हणून
फटफटीतून वाटीभर पेट्रोल काढलं.
जुन्या टूथब्रशने घासत बसलो.
डॉक्टरला आवडलं असतं.

आणि मग ते दिसलं, तांदळाच्या कणीएवढं कुत्रं,
एका कडेला झिजून गुळगुळीत.
कानशीचे चार हलके हात मारले.
पाचवा मारला असता तर गेलंच होतं.

स्प्रिंग सोडवताना क्लिप उडाली.

"माह्या सुपात पडलं काही," पलीकडून छबूवहिनी.
तूरडाळीतून बोट फिरलं, थांबलं.
"तीस वर्षं खडे निवडून राहिली भाऊजी,
लोखंड पयल्यांदाच निंगालं."
नखाच्या कातरणाएवढी ती चीज उन्हात धरून म्हणाली,
"एवढ्याशासाठी एवढा पसारा?
अन् गाव तं सपाट. गिअर लागते कायले?"

वाऱ्यासाठी, म्हणालो.
आणि रेल्वेच्या पुलासाठी.
चढ तेवढाच आहे आपल्याकडे,
पण रोज आहे.

ती आत गेली, शिलाई मशीनची तेलाची बाटली घेऊन आली.
"दोन थेंब. तिसरा नोको.
जास्त पाजलं का मशीन कापडावर ओकते."

पहिल्यांदा जोडला तर वर चढे, खाली उतरेना.
दुसऱ्यांदा स्प्रिंगच उलटी.
तिसऱ्यांदा रात्रीचे अकरा वाजले
आणि लाइट गेली.
लोकांना वाटतं, लाइनमनच्या घरची जात नाही.

अंधारात बोटांनीच बसवला.
ढकलला.
टक्.
मागची चाकं दहा, त्यांच्यामधल्या उड्या नऊ,
नऊही मोजल्या.
मग उलट मोजल्या.
मग उगाच पुन्हा,
शेजारी कुणीतरी खोकलं तोवर.

लाइट आली तेव्हा
ताटलीत एक वॉशर उरला होता.
पेपर झटकला, ब्रश पाहिला, चित्र आठवून पाहिलं.
त्याची जागा सापडेना.

तो आता पाकिटात असतो, सुट्या पैशांबरोबर.
किराणेवाल्याने एकदा हसून परत दिला.

पहाटे पुलाच्या पायथ्याशी बोटं गारठलेली असतात.
ढकलतो. धरतं.
आणि वर पोचेपर्यंत
मी त्या वॉशरचाच विचार करत असतो.