हिशेब बरोबर

शिवडीच्या आमच्या दीड खोलीत
दोन गोळ्या राहायच्या.

एक गुलाबी, मिठाच्या बरणीमागे.
नाक्यावरचा मेडिकलवाला नावही न विचारता द्यायचा,
पट्टी कात्रीने कापून, चार तर चार.
ती हरेश्वरची. त्याच्या गुडघ्याची.
दारूखान्यात बावीस वर्षं जहाजं कापताना
उकिडवं बसून बसून गेलेला गुडघा.

दुसरी पांढरी, कपाटाच्या चोरखणात,
माझ्या पाटल्या मोडल्यापासून जो रिकामाच होता.
तिच्यासाठी परळच्या इस्पितळात वेगळी खिडकी,
वेगळा कागद, दोन सह्या, एक जाड वही.
ती चांगुणाक्काची, माझ्या नणंदेची.
तिच्या मणक्यात उतरलेल्या आजाराची.

सिस्टर लिसीने समजावलं,
तिच्या केरळी मराठीत, टेबलावर बोटाने रेघा ओढत:
गुलाबी जाते आग लागलीय तिथे. सूज उतरवते.
पण उपाशीपोटी घेतली तर पोटच जाळते,
आणि वर्षानुवर्षं घेतली की
मूत्रपिंडाला तिचं बिल येतं.
शिवाय तिची धाव ठरलेली.
दोनाच्या चार केल्या
तरी आराम तेवढाच, नुकसान मात्र वाढतं.

पांढरी जखमेकडे बघतही नाही.
ती वर जाते, डोक्यात,
जिथे दुखण्याची वर्दी पोचते,
आणि हळूच दार लोटून घेते.
गाठ तिथेच. मणका तिथेच.

"मग ही फसवणूकच की," मी म्हटलं.
लिसी म्हणाली, "रात्री तिचं ओरडणं ऐकता ना तुम्ही?"

पांढरीबरोबर पोट साफ होण्याचं औषध, रोज, न चुकता,
कारण ती आतडीही झोपवते.
जास्त झाली तर श्वासही.
पहिले दोन दिवस अक्काने ओकाऱ्या काढल्या.
तिसऱ्या दिवशी उठून बसली
आणि सुपात जवळा निवडायला मागितला.

मी तिच्या तळहातावर गोळी ठेवायची, ती पाणी प्यायची.
एका रात्री तिने नुसतंच पाणी प्यायलं.
मला कळलं नाही.
पहाटेपर्यंत उशीचं टोक चावत होती.
"घेतली ना?"
"घेतली."

सकाळी हरेश्वर उठेना.
दहा वाजले, भोंगा होऊन गेला.
पापणी वर केली तर बाहुली मोहरीएवढी.
गदागदा हलवला तेव्हा ओकला, बसला,
आणि गुडघ्याकडे बघत म्हणाला,
"दुखत होता गं. पण शेजाऱ्याचा दुखावा तसा."

मी अक्काकडे वळले.
ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली,
"लहानपणी भाकरीचा पापुद्रा मी त्याला द्यायची.
आता याहून चांगलं काय होतं माझ्याकडे?"

दुपारी तो माझ्यामागे ओट्याशी आला.
"किल्ली अंगावर ठेव.
मी मागितली तरी देऊ नकोस.
फार बरं वाटलं मला."
बावीस वर्षांत
त्याला इतका घाबरलेला मी पाहिला नव्हता,
आगीच्या दिवशीसुद्धा नाही.

अक्का दिवाळीच्या आधी गेली, झोपेत, न ओरडता.

उरलेल्या सात गोळ्या मी खिडकीवर परत नेल्या.
लिसीने मोजल्या, वहीशी ताडल्या,
बोट रकान्यावरून खाली नेलं.
"हिशेब बरोबर," ती म्हणाली.
मी सही केली.
पेन परत देताना एकदा तोंड उघडलं होतं,
पण मागे रांग होती.

बाहेर हरेश्वर कठड्याला टेकून,
सगळा भार एका पायावर टाकून उभा.
खिशात चार गुलाबी, नुकत्याच कापून आणलेल्या.
एक काढली त्याने.
"आधी पाव खा," मी म्हटलं.