पावणेतीन, महापे

ठाणे-बेलापूर रस्त्यावरचे ट्रक
पावणेतीनला जरा विरळ होतात.
तेवढीच आमची वेळ.
एरवी एखादा टँकर गतिरोधकावर आदळला
तरी इथे तळघरात सुईचा हात कापतो
आणि पडद्यावरचे तांब्याचे अणू
पिंजल्या कापसासारखे होतात.

आज स्थिर आहे.
हेलियमच्या गारठ्यात तांब्याची एक पायरी,
तिला टेकून एकच रेणू:
बेंझिनचं कडं, कडेला आयोडीन.
श्वास रोखायची गरज नसते. मी रोखते.
दीड व्होल्ट, निमिषभर.
प्रवाहाची रेघ टपकन खाली येते.
तुटलं.
निरंजना वहीत टाकते: दोन एकावन्न. एक.

बाबा रबाळ्याला रिअॅक्टरवर होते,
पाच हजार लिटरच्या, सत्तावीस वर्षं.
रविवारीसुद्धा नखांत निळा रंग,
उशीचा अभ्रा धुतला की पाणी हिरवं.
तिथे सगळा अदमास:
ढवळा, वाफ सोडा,
पारा चढलाच तर देवाचं नाव घ्या
आणि गार पाण्याचा व्हॉल्व्ह उघडा.
रेणूंनी किती ऐकलं
ते संध्याकाळी काट्यावर कळायचं.
"बॅच ब्याऐंशी टक्के निघाली,"
म्हणत ते चपला काढायचे.

उरलेल्या अठराचं काय होतं,
मी एकदा विचारलं होतं, चौथीत असेन.
त्यांनी खिडकीतून खाडीकडे पाहिलं.

मागच्या रविवारी घणसोलीला
त्यांना फोटो दाखवला:
दोन कडी, सुईने ओढून शेजारी आणलेली,
मग एक ठोका, आणि जुळलेली.
चष्मा कपाळावर चढवून
बराच वेळ बघत राहिले.
"वजन किती भरलं?"
मी दशांशचिन्हापुढची शून्यं मोजत बसले.
"बरं, वाया किती?"
"आयोडीनचे दोन अणू, बाबा.
कुठे ठेवलेत तेही माहीत आहे मला."
हसले नाहीत.
डाव्या मनगटावरचा
सल्फ्युरिकचा जुना डाग खाजवत म्हणाले,
"मग नीट ठेव."

तीन सतरा.
दुसरं कडं ओढत आणते आहे,
पायरीच्या काठाकाठाने,
अणूमागून अणू.
पारसिकच्या बाजूने पहिला डंपर सुटला असावा.
रेघ थरथरते.
सुईखाली नुसतं तांबं.

निरंजना लिहिते: हरवला.
मी तिच्या हातातून पेन घेते,
तो शब्द खोडते.
सुई उचलून पुन्हा डावीकडच्या कोपऱ्यात ठेवते
आणि तांबं वाचायला लागते,
पहिल्या ओळीपासून.