त्रेचाळीस फूट

आमच्या शाळेला दोन वेळापत्रकं होती.
एक ऑफिसबाहेर, काचेच्या आत,
गवंडीमामांच्या किल्लीत बंद.
दुसरं राजाराम बंधाऱ्यावर,
कमरेएवढ्या पाण्यात उभं.

एकोणचाळीस फूट म्हणजे इशारा,
त्रेचाळीस म्हणजे धोका.
आम्ही एवढंच पाठ केलं होतं,
त्रेचाळीस म्हणजे सुट्टी.

सकाळी तोंडात ब्रश धरून
मी पप्पांच्या मोबाईलमध्ये पाणी बघायची.
साडेबेचाळीस.
बेसिनवर वाकून मनातल्या मनात म्हणायची,
अर्धा फूट, फक्त अर्धा,
आज सुतारबाईंची गणिताची चाचणी आहे.

आणि पाणी ऐकायचं.

पहिल्या दिवशी कॅरम.
दुसऱ्या दिवशी गंगावेशीपर्यंत पूर बघायला,
छत्री, कणीस, फोटो,
कुणाच्या तरी खांद्यावर बसलेलं पोरगं ओरडत होतं, लई भारी!
तिसऱ्या दिवशी मम्मीनं चाळीस भाकऱ्या थापल्या,
झुणक्याचा डबा माझ्या हातात दिला,
म्हणाली, चल, तुझ्या शाळेतच जायचंय.

सुट्टीत शाळेत जाताना
पायांना कळत नाही कुठल्या चालीनं जावं.

पंधरा ऑगस्टच्या लेझीमसाठी
फक्कीनं आखलेल्या गोलात
तीन म्हशी बांधल्या होत्या.
संगीताच्या खोलीत कुणाचं तरी तान्हं रडत होतं.
आमच्या सातवी ब मध्ये
बाकं भिंतीला, एकावर एक,
आणि नकाशाच्या खिळ्यापासून खिडकीच्या गजापर्यंत
दोरीवर लुगडी, बनियन, एक गणवेश.

गणवेश उत्कर्षाचा.
उत्कर्षा कळके, राहणार चिखली,
रोज पहिल्या तासाला उशिरा,
रोज तेच कारण, केएमटी चुकली.
आता ती फळ्याखाली, चटईवर,
आजीच्या पायाला तेल चोळत.

"मी इथंच राहतो आता," म्हणाली.
"बघ, कधीच उशीर नाही."
आणि अशी हसली
की मला डबा कुठं ठेवावा कळेना.

फळ्यावर मंगळवारची तारीख होती,
त्याखाली बाईंच्या अक्षरात : चाचणी, गुण वीस.
तिनं ते कुणाला पुसू दिलं नव्हतं.
तिच्या काकांनी हिशेब लिहायचा होता,
कोणाच्या घरातनं किती माणसं, किती जनावरं,
तो त्यांनी कोपऱ्यात, बारीक करून लिहिला होता.

मी तिला अर्ध्या फुटाबद्दल काही बोलले नाही.
भाकऱ्या मोजून दिल्या.

शाळा दहाव्या दिवशी सुरू झाली.
फिनेलचा वास, खाली शेणाचा.
लेझीम त्या वर्षी झालंच नाही.
चाचणी झाली. मला अकरा, तिला चौदा.

मग दिवाळी गेली, सहामाहीचे पेपर मिळाले,
डिसेंबरात पन्हाळ्याची सहल निघाली.
तीनशे वीस रुपये, तिचे बाईंनी भरले
हे आम्हाला माहीत नाही असं आम्ही ठरवलं होतं.
शिवाजी पूल ओलांडला,
खाली पंचगंगा, शहाण्या मुलीसारखी, तळाला.
मागच्या सीटवर भेंड्या चालल्या होत्या,
बाहेर ऊसतोड, धूर, बैलगाड्या.
उत्कर्षानं काचेवर बोट टेकवलं,
एका विजेच्या खांबावर, तारांच्या जवळ जवळ.
"हितपर्यंत."
मी मान वर केली, आणखी वर केली.

केर्ली मागं पडल्यावर ती म्हणाली,
"तुला एक सांगू? कुणाला बोलू नको.
आदल्या रात्री मी पण म्हटलं होतं,
अजून अर्धा फूट येऊ दे.
माझा पण अभ्यास झाला नव्हता."

घाट लागला.
बस वळली तसे आम्ही दोघी एकाच बाजूला कललो.
तिनं पिशवीतून भडंगाचा पुडा काढला,
माझ्याकडं बघितलं,
आणि कांदा आणायचा माझ्याकडं होता
यावरनं भांडायला लागली.