किंमत नव्व्याण्णव

कंपायलरनं हे यंत्र कधी पाहिलेलं नाही,
पाहणारही नाही.
मकरपुऱ्याच्या या शेडमध्ये पंख्याखाली बसून
मी लिहीन तेवढंच त्याला खरं.

म्हणून लिहिते.
रजिस्टरं सोळा. पहिलं कायम शून्य,
त्यात काहीही ओता, रिकामंच.
चौदाव्यात परतीचा पत्ता, हात लावू नये.
गुणाकार तीन ठोक्यांत.
भागाकार येत नाही, वजाबाक्या करत बसावं.
मेमरीतून मागवलेलं लगेच हाती येत नाही,
मधल्या ठोक्यात दुसरं काम काढावं,
नसेल तर नुसतं उभं राहावं.

सगळं माझं नाही यातलं.
जुन्या चिपचं वर्णन खानविलकरांनी केलेलं,
फाईलभर त्यांच्या टिपा, बडोद्याच्या मराठीत:
"इथे सांभाळून, हा खोटं बोलतो."
"मॅन्युअल म्हणतं दोन. मी मोजले, तीन.
मॅन्युअल बाजूला मूक."
मूक म्हणजे ठेव.
हे मला सांगलीहून आल्यावर भाजीवालीनं शिकवलं.

आणि एका ओळीशेजारी टीप नाहीच.
सरकवून-मिळवा ही आज्ञा,
किंमत नव्व्याण्णव.
एवढी महाग आज्ञा कंपायलर कशाला उचलेल?
तो स्वस्तातली वाट शोधतो,
रिक्षावाल्याशी पाच रुपयांसाठी भांडणाऱ्या माझ्यासारखा.

नवी चिप, नवं मॅन्युअल, गुळगुळीत कागद.
एक ठोका, असं छापलेलं.
मी एक लिहिलं.

सकाळभर मोटर सरळ फिरली.
हितार्थनं चहा मागवला, फोटोही काढला.
दुपारी पत्रा तापला
आणि ती फिरता फिरता
एकदाच, उलटी.
पट्टा तुटून भिंतीवर.
"बेन, आ शुं थयुं?"

तीन दिवस लागले.
गरम झाल्यावर एक हातचा
शेवटच्या घरापर्यंत वेळेत पोचत नव्हता.
अधिकाचं उणे होत होतं.
नाव नवं, खोकं नवं,
आतली ती गल्ली मात्र जुनीच, जशीच्या तशी उचललेली.

दांडिया बाजारातला त्यांचा नंबर लावला.
कुणीतरी उचलला,
म्हणाले, इथे त्या नावाचं कुणी नाही.

नव्व्याण्णव परत लिहिलं.
शेजारी टीप लिहिली, खोडली, पुन्हा लिहिली:

"तापल्यावर हातचा विसरतो.
मे महिन्यात, दुपारी तीनला तपासा.
सकाळी तपासून खूश होऊ नका.
खानविलकरांना हे माहीत होतं."